व्हिडिओ खेळांचे प्रकार : नाव, लक्षण आणि वर्गीकरणाचे तत्त्व

१

कोणत्याही कृतिसमूहाचे प्रकार पाडावयाचे म्हणजे दोन निरनिराळी कामे करावी लागतात. प्रत्येक प्रकारास नाव देणे हे पहिले काम. त्या नावाने कोणत्या वस्तूंचा बोध व्हावा आणि कोणत्यांचा होऊ नये हे सांगणारे लक्षण करणे हे दुसरे. ही दोन्ही कामे एकाच वेळी व एकाच हाताने क्वचितच होतात. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास हे नव्याने सांगावयास नको. 'लघुनिबंध' व 'नवकथा' ही नावे आधी रूढ झाली आणि त्यांच्या लक्षणांचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. नाव आधी आणि लक्षण मागाहून, हा प्रकारनामांच्या इतिहासातील सामान्य क्रम होय.

व्हिडिओ खेळांच्या बाबतीत हा क्रम अधिक ठळकपणे दिसून येतो. १९६२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेत 'स्पेसवॉर' हा खेळ तयार झाला, १९७२ मध्ये 'पाँग' बाजारात आला आणि त्यानंतरच्या अर्धशतकात या खेळांना कितीतरी प्रकारनामे मिळाली. ही नावे विक्रेते, नियतकालिके आणि स्वतः खेळणारे यांनी दिली; शास्त्रकारांचा हात त्यांत फार थोडा. जालना, अंबड, परतूर येथील शाळकरी मुलाच्या तोंडी 'पब्जी' हा शब्द आज 'लगोरी'इतकाच सहजपणे येतो. कोशकार, ग्रंथसूचिकार आणि अलीकडे विधिज्ञ यांनाही या नावांशी व्यवहार करावा लागत आहे. अशा वेळी ही प्रकारनामे कोणत्या तत्त्वावर उभी आहेत, विद्वानांनी केलेली वर्गीकरणे कितपत टिकतात आणि मराठीत या विषयाची परिभाषा घडविताना कोणती सामग्री हाताशी आहे, या तीन प्रश्नांचा विचार करणे अगत्याचे ठरते.

२

प्रचलित प्रकारनामे एकत्र मांडून पाहिली असता त्यांच्यामागे निदान सहा तत्त्वे आढळतात. 'शूटर', 'रेसिंग', 'फायटिंग' ही नावे खेळणाऱ्याच्या क्रियेवरून पडली. 'प्लॅटफॉर्म' हे नाव पडद्यावरील स्थलरचनेवरून पडले. १९८१ मधील 'डाँकी काँग' या खेळात नायक ज्या फळ्यांवरून चढत व उडी मारीत जातो, त्या फळ्या येथे प्रकाराच्या खुणा ठरल्या. 'फर्स्ट पर्सन' हे नाव दृश्य कोठून दिसते यावरून आले. 'टर्न बेस्ड' व 'रिअल टाइम' या नावांचा आधार काल हा आहे, तर 'मल्टिप्लेअर' या नावाचा आधार खेळणाऱ्यांची संख्या हा आहे. सहावे तत्त्व सर्वांत लक्षणीय असून त्यात एखादा प्रसिद्ध खेळ हाच नमुना मानून त्याच्यासारखे ते त्या प्रकाराचे असे ठरविले जाते. 'रोगलाइक', 'सोल्सलाइक', 'मेट्रोइडव्हेनिया' ही या तऱ्हेची नावे होत.

वर्गीकरण निर्दोष व्हावयाचे तर एका पातळीवर एकच तत्त्व लावले पाहिजे, हा तर्कशास्त्राचा प्राथमिक नियम आहे. तो मोडला म्हणजे आपल्या नैयायिकांनी ज्यास 'सांकर्य' म्हटले तो दोष उत्पन्न होतो. एकच खेळ क्रियेने 'शूटर', कालाने 'रिअल टाइम' आणि संख्येने 'मल्टिप्लेअर' असू शकतो. तेव्हा ही नावे परस्परांना वगळणारे वर्ग नसून एकाच वस्तूची निरनिराळी विशेषणे ठरतात. बाजारातील याद्यांत मात्र ती एकाच रांगेत, जणू सजातीय म्हणून, मांडलेली असतात. पुष्कळसा गोंधळ येथूनच सुरू होतो.

लक्षणाचे जे तीन दोष तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित आहेत तेही येथे स्पष्ट दिसतात. गाईचे लक्षण शिंगे असणे असे केले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. कपिल वर्ण असे केले तर पांढरी गाय वगळली जाते, ही अव्याप्ती. एकच खूर असे केले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आता २००९ मध्ये आलेल्या 'लीग ऑफ लेजंड्स' या खेळाच्या संदर्भात रूढ झालेले 'मल्टिप्लेअर ऑनलाइन बॅटल अरीना' हे नाव पाहावे. अनेक खेळाडू, जालावरील संपर्क आणि रणांगण या तिन्ही गोष्टी ज्या खेळांत आहेत अशा असंख्य खेळांना हे शब्द लागू पडतात; परंतु प्रत्यक्षात ते नाव एका अगदी ठरावीक रचनेच्या खेळांनाच लावले जाते. नावाचा शब्दार्थ अतिव्याप्त आणि रूढार्थ संकुचित, अशी ही स्थिती आहे. संस्कृत मीमांसेची परिभाषा वापरावयाची तर येथे योगार्थावर रूढीने मात केली आहे. 'पंकज' शब्दाने चिखलात उगवणारी प्रत्येक वनस्पती सांगितली जात नाही, त्यातलाच हा प्रकार.

'फर्स्ट पर्सन' या संज्ञेच्या बाबतीत मराठी भाषांतरकाराने विशेष सावध असावे. ही संज्ञा मुळात व्याकरणातील आहे. मराठी व्याकरणात प्रथम पुरुष म्हणजे 'मी'. संस्कृत व्याकरणात मात्र 'मी' हा उत्तम पुरुष असून प्रथम पुरुष म्हणजे 'तो'. 'प्रथमपुरुषी खेळ' असे शब्दशः भाषांतर केल्यास संस्कृताच्या अभ्यासकास नेमका उलट अर्थ प्रतीत होईल. शिवाय मूळ संज्ञेतही 'पुरुष' हा क्रियापदाचा धर्म नसून दृश्य कोणत्या बिंदूपासून दिसते एवढेच तेथे अभिप्रेत आहे. तेव्हा 'पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा' आणि 'पात्राच्या पाठीमागून दिसणारा' असे सरळ वर्णन करणे हेच अधिक श्रेयस्कर.

३

नमुन्यावरून पडलेल्या नावांचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे, कारण भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो सर्वांत बोधप्रद आहे. १९९३ च्या डिसेंबरात 'डूम' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याच्या आधी १९९२ मध्ये 'वोल्फेनस्टाइन थ्री-डी' आलेला होता. तरीही पुढे काही वर्षे अशा खेळांना 'डूम क्लोन', म्हणजे डूमच्या नकला, असेच म्हटले जाई. नकलांची संख्या वाढली, त्यांतील काही मूळ खेळाहून स्वतंत्र वळणाच्या निघाल्या, आणि तेव्हा कोठे 'फर्स्ट पर्सन शूटर' हे वर्णनात्मक नाव स्थिर झाले. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याची ही प्रक्रिया मराठीस अपरिचित नाही. वनस्पती तुपास 'डालडा' आणि छायाप्रतीस 'झेरॉक्स' म्हणताना मराठी माणूस हेच करीत असतो.

'पब्जी' या शब्दाचे मराठीतील चरित्र याच जातीचे आहे. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो, या रचनेच्या खेळांना 'बॅटल रॉयल' हे नाव कौशुन ताकामी यांच्या १९९९ मधील जपानी कादंबरीवरून व तिच्यावरील २००० सालच्या चित्रपटावरून मिळाले. २०१७ मध्ये 'पब्जी' प्रसिद्ध झाला आणि मराठी बोलण्यात या खेळाचे नाव हेच प्रकाराचे नाव बनले. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी त्याच्या मोबाईल आवृत्तीवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये निराळ्या नावाने भारतीय आवृत्ती आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्या सुपरगेमिंग या संस्थेचा 'इंडस' हा याच प्रकारचा खेळ आला. मूळ खेळाची ती मोबाईल आवृत्ती बंद झाली तरी प्रकारवाचक शब्द म्हणून 'पब्जी' टिकून राहिला. प्रकारनाम हे वस्तूपासून सुटे होऊन स्वतंत्रपणे जगू शकते याचे हे चांगले उदाहरण होय.

नमुन्यावर आधारलेल्या प्रकारास लक्षण देण्याचा सर्वांत प्रामाणिक यत्न 'रोगलाइक' या प्रकाराच्या बाबतीत झाला. मायकेल टॉय व ग्लेन विचमन यांनी १९८० च्या सुमारास 'रोग' हा खेळ रचला. त्याच्या वळणाचे खेळ करणाऱ्यांची एक परिषद २००८ मध्ये बर्लिन येथे भरली आणि तिने या प्रकाराचे घटक ठरविले. दर वेळी नव्याने निर्माण होणारे स्थल, पात्राचा अपरिवर्तनीय मृत्यू, पाळीपाळीने होणारी हालचाल इत्यादी घटकांना तिने अधिक महत्त्वाचे मानले व दुसऱ्या काही घटकांना कमी महत्त्वाचे. मात्र एखादा घटक नसल्याने खेळ या प्रकारातून बाद होतो असे तिने म्हटले नाही, आणि तिच्या निवेदनातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

विट्गेनस्टाइन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात 'खेळ' हाच शब्द उदाहरणादाखल घेऊन दाखविले होते की, या शब्दाने बोधित होणाऱ्या सर्व वस्तूंत समान असे एकही लक्षण सापडत नाही. एका कुटुंबातील माणसांत नाकडोळ्यांचे जसे सुटेसुटे साम्य असते तसेच साम्य तेवढे आढळते. एलिनॉर रॉश यांनी १९७० नंतरच्या दशकात मानसशास्त्रीय प्रयोगांनी असे मांडले की, माणसाच्या मनातील जाती सीमारेषेने आखलेल्या नसून उत्तम नमुन्याभोवती रचलेल्या असतात. बर्लिनच्या परिषदेने या सिद्धांतांचा आधार घेतला असो वा नसो, तिने केलेली व्याख्या त्यांच्याशी जुळते. परंतु तिची मर्यादाही तेथेच आहे. नमुना कोणता मानावा हे ज्यांनी ठरविले ते सर्व त्या नमुन्याचे जुने भक्त होते. पुढील पिढीने दुसरा खेळ नमुना मानला की तेच नाव दुसऱ्या वस्तूंना लागू पडू लागते, आणि जुने लोक त्यास अपभ्रंश म्हणू लागतात. भाषेतील शुद्धाशुद्धतेच्या वादासारखाच हा वाद असून तो लक्षणाच्या बळावर मिटणारा नाही.

४

विद्वानांच्या वर्गीकरणांकडे वळताना प्रथम ख्रिस क्रॉफर्ड यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संगणकखेळांचे हस्तकौशल्याचे व कृतीचे खेळ आणि डावपेचांचे खेळ असे दोन मोठे विभाग केले. हा विभाग तत्त्वतः स्वच्छ आहे. एकात हात व डोळा यांची कसोटी, तर दुसऱ्यात विचाराची. पण पोटविभागांत ही शिस्त राहिलेली नाही. पहिल्या विभागात शर्यत, चक्रव्यूह आणि 'पाँग'सारखे फळीचे खेळ हे शेजारीशेजारी येतात. शर्यत ही क्रिया, चक्रव्यूह हे स्थल आणि फळी हे साधन. त्यांतील फळीचे खेळ हा वर्ग पुढे जवळजवळ नामशेष झाला. आपले वर्गीकरण अंतिम नाही याची जाणीव क्रॉफर्ड यांना होती, हे त्यांच्या पदरी टाकले पाहिजे.

मार्क वोल्फ यांनी २००१ मध्ये ४२ प्रकारांची वर्णानुक्रमे यादी दिली. चित्रपटाचे प्रकार कथावस्तूवरून पाडता येतात. व्हिडिओ खेळात प्रेक्षक स्वतः कृती करतो, म्हणून येथे प्रकार कृतीच्या स्वरूपावरून पाडावेत, हे त्यांचे प्रतिपादन मूलगामी आहे. एकच खेळ अनेक प्रकारांत घालण्याची मुभाही ते देतात. 'पॅकमॅन' हा त्यांच्या मते गोळा करणे, निसटणे व चक्रव्यूह या तिन्ही प्रकारांत मोडतो. तथापि यादीत 'रूपांतरित' असाही एक प्रकार आहे. दुसऱ्या माध्यमातील कृतीवरून खेळ घेतला गेला ही त्याच्या उत्पत्तीची हकीकत झाली; तीवरून खेळणाऱ्याच्या कृतीचा काहीच बोध होत नाही. स्वतः घालून दिलेले तत्त्व येथे ग्रंथकारानेच मोडले आहे. वर्णानुक्रमाची योजनाही बोलकी आहे: वर्गांचा परस्परसंबंध दाखविता आला नाही म्हणजे वर्णमालेचा आश्रय घ्यावा लागतो.

रॉजे कैय्वा या फ्रेंच विद्वानाने १९५८ मध्ये, म्हणजे व्हिडिओ खेळांच्या आधीच, खेळांचे स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ असे चार वर्ग केले. बुद्धिबळ स्पर्धेत, फासे दैवात, भातुकली सोंगात आणि फुगडी भोवळीत सहज बसते. खेळणाऱ्याची वृत्ती हे एकच तत्त्व येथे पाळलेले असल्याने हे वर्गीकरण अद्याप जुने झालेले नाही. पण 'पब्जी'सारख्या एकाच खेळात शत्रूशी स्पर्धा आहे, शस्त्र कोठे सापडेल याचे दैव आहे आणि सैनिकाचे सोंगही आहे. वृत्तींचे विश्लेषण करण्यास ही चौकट उपयोगी. सूचिकाराला मात्र ती फार रुंद पडते.

५

मराठी अभ्यासकाजवळ या चर्चेत घालण्यासारखे स्वतःचे काही आहे काय, हा प्रश्न आता विचारला पाहिजे. जालना जिल्ह्यातील जांब या गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार सांगितले आहेत. या वर्गीकरणात रचनेच्या बाह्य रूपाकडे पाहिलेले नाही. कवित्व कोठून उद्भवले एवढ्याच तत्त्वावर तिन्ही वर्ग उभे आहेत. त्या तत्त्वाशी कोणी सहमत होवो वा न होवो, ते सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकच राहते. शिस्तीचा हा धडा ४२ वर्गांच्या यादीहून अधिक मोलाचा आहे.

देशी खेळांच्या नावांतही अनेक तत्त्वे आढळतात. विटीदांडू व सागरगोटे ही नावे साधनांवरून, सूरपारंब्या व आट्यापाट्या स्थलावरून, लंगडी व लपंडाव क्रियेवरून, हुतूतू व खोखो उच्चारावरून पडलेली आहेत. म्हणजे नावांची विविधता हा व्हिडिओ खेळांचाच दोष नव्हे. नाव हे ओळखण्यासाठी असते, वर्ग पाडण्यासाठी नसते. मात्र जेथे वर्ग पाडण्याची गरज भासली तेथे देशी क्रीडापरंपरेने एकच तत्त्व पाळले. कबड्डीचे संजीवनी, गामिनी आणि अमर हे तीन प्रकार पाहावेत. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी जिवंत होतो. गामिनीत मेलेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेर राहतो. अमरमध्ये गडी बाहेर जातच नाही, प्रतिपक्षास केवळ गुण मिळतो. मेल्यानंतर काय होते, हा एकच प्रश्न. त्याची तीन उत्तरे, तीन प्रकार.

हे तत्त्व व्हिडिओ खेळांना लावून पाहिले असता बाजारी नावांखाली झाकलेले भेद उघडे पडतात. 'शूटर' या एकाच नावाखाली येणाऱ्या खेळांत कोठे मेलेला खेळाडू लगेच परततो व शत्रूस गुण मिळतो. तो अमर प्रकार. कोठे तो डाव संपेपर्यंत बाहेर राहतो. 'पब्जी'ची मूळ रचना ही गामिनीची. घायाळ सोबत्यास उठविण्याची सोय संजीवनीची आठवण करून देते, परंतु तेथे जीवदान मित्राच्या शुश्रूषेने मिळते, शत्रूस मारल्याने नव्हे. हा भेद विसरता कामा नये. 'रोगलाइक'चा अपरिवर्तनीय मृत्यू गामिनीच्याही पलीकडे जातो. हे सर्व खेळ एका क्रियावाचक नावाखाली घालणाऱ्या यादीपेक्षा कबड्डीच्या पंचांची परिभाषा येथे अधिक सूक्ष्म ठरते.

दुसरी कसोटी मराठीच्या व्याकरणातून निघते. बुद्धिबळात मोहरा गेला की खेळणारा 'माझा घोडा मेला' म्हणतो. ल्यूडोत 'माझी सोंगटी मेली' म्हणतो. गोळीबाराच्या खेळात मात्र तो 'मी मेलो' म्हणतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'राजी' या खेळाची नायिका मुलगी आहे. तरीही खेळणारा मुलगा 'मी मेलो' असेच म्हणणार, 'मी मेले' असे म्हणणार नाही. क्रियापदाचे लिंग पात्राशी न जुळता खेळणाऱ्याशी जुळते. इंग्रजीत क्रियापदास लिंग नसल्याने हा भेद तेथे दिसू शकत नाही. खेळणारा पात्रात स्वतःस घालतो की पात्रास आपली मालमत्ता मानतो, हा भेद दृश्य कोठून दिसते यावर अवलंबून नाही; 'मी' आणि 'माझा' यांच्या वापरात तो प्रकट होतो. फुटबॉलच्या व्हिडिओ खेळात एकच मुलगा 'मी गोल केला' आणि 'माझा गडी पडला' अशी दोन्ही वाक्ये बोलतो, यावरून काही खेळांत हे दोन्ही संबंध एकत्र नांदतात असे म्हणावे लागते. या कसोटीने खेळाला एका कप्प्यात कोंबता येत नाही. परंतु त्यातील संबंध नेमका सांगता येतो.

'खेळ' या मराठी शब्दाची व्याप्तीही येथे लक्षात घ्यावी. सिनेमाचा पहिला खेळ, बाहुल्यांचा खेळ, डोंबाऱ्याचा खेळ या प्रयोगांत खेळणे आणि दाखविणे हे दोन्ही अर्थ आहेत. व्हिडिओ खेळ ही खेळण्याची वस्तू की पाहण्याची, असा वाद पाश्चात्त्य अभ्यासकांत झाला. मराठी शब्दाने तो विरोध मुळातच मानलेला नाही.

६

प्रकारांची ही चर्चा केवळ पांडित्याची नाही, हे कायद्याकडे पाहिले म्हणजे पटते. १९५६ पर्यंत जालना हे हैदराबाद संस्थानात व पुढे त्याच नावाच्या राज्यात होते. त्या संस्थानाच्या १३०५ फसलीच्या जुगारविषयक कायद्याखालील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये असा निर्णय दिला की, रमी हा पत्त्यांचा खेळ प्रामुख्याने कौशल्याचा आहे. तीन पत्त्यांच्या खेळासारखा तो निव्वळ दैवाधीन नाही. कौशल्य आणि दैव या तत्त्वावर तेव्हा कायदेशीर व बेकायदेशीर यांची सीमा ठरत होती.

२०२५ च्या ऑनलाइन खेळांविषयीच्या केंद्रीय कायद्याने हे तत्त्वच बाजूस सारले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या या कायद्यात ई-क्रीडा, ऑनलाइन सामाजिक खेळ आणि ऑनलाइन पैशाचा खेळ असे तीन वर्ग आहेत. पैसे लावून पैसे मिळविण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा खेळ कौशल्याचा असो, दैवाचा असो वा दोहोंचा असो, तो तिसऱ्या वर्गात जातो. तो पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सामाजिक हेतूच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. वर्गीकरणाच्या दृष्टीने मात्र त्याचे स्वरूप नीट ओळखले पाहिजे. नवी मुंबईच्या गेमेशन या संस्थेचा २०१६ मधील 'ल्यूडो किंग' घ्यावा अथवा घरातील साधा ल्यूडो घ्यावा; नियम तेच, सोंगट्या त्याच. त्याच नियमांवर पैसा लागला की वर्ग बदलतो. म्हणजे या कायद्याने खेळांचे वर्ग केलेले नसून खेळण्याच्या व्यवहाराचे वर्ग केले आहेत. शिवाय ई-क्रीडा या वर्गास शासकीय मान्यतेची अट असल्याने दोन वर्ग पैशाच्या तत्त्वावर आणि एक मान्यतेच्या तत्त्वावर, असे सांकर्य येथेही शिरले आहे. ज्या नावावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते, त्या नावाच्या लक्षणात हा दोष राहणे इष्ट नव्हे.

७

वरील विवेचनावरून निष्पन्न होणारी गोष्ट थोडक्यात सांगता येते. व्हिडिओ खेळांची प्रकारनामे ही इतिहासाची साक्ष आहेत. ती लक्षणे नव्हेत. ती टाकून देण्याचा किंवा प्रत्येकीस संस्कृत प्रतिशब्द शोधण्याचा खटाटोप निरर्थक होय. 'शूटर', 'रोगलाइक', 'पब्जी' ही नावे जशी रूढ आहेत तशी कोशात घ्यावीत आणि प्रत्येकीपुढे ती केव्हा, कशावरून पडली हे नोंदवावे. सूचीत मात्र खेळास एकच प्रकार देऊन थांबू नये. खेळणारा काय करतो, दृश्य कोठून दिसते, काल पाळीचा की अखंड, बाद झाल्यावर काय होते, आणि खेळणारा पात्रास 'मी' म्हणतो की 'माझा', या पाच प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या रकान्यांत द्यावीत. असे केल्याने सांकर्य राहत नाही, कारण प्रत्येक रकान्यात एकच तत्त्व असते.

यांपैकी शेवटच्या दोन प्रश्नांची परिभाषा मराठीत आधीपासून आहे. एक कबड्डीच्या मैदानावर घडली, दुसरी क्रियापदाच्या लिंगवचनात आहे. मराठवाड्यातील बोलींत खेळणारी मुले बाद होणे, मरणे, परत येणे यांसाठी कोणती क्रियापदे वापरतात आणि कर्ता कोणास करतात, याची पद्धतशीर नोंद झाल्यास या रकान्यांना भक्कम आधार मिळेल. पदव्युत्तर प्रबंधिकेस हा विषय सर्वथा योग्य असून त्यासाठी लागणारे क्षेत्र जालन्यातील कोणत्याही शाळेच्या मधल्या सुट्टीत उपलब्ध आहे.